‘आदींसह महिला मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’

आपल्याकडच्या राजकीय बातमीची शेवटची ओळ कधी नीट वाचलीय का? तालुकाध्यक्ष, शहराध्यक्ष, माजी सभापती, कारखान्याचे संचालक, अशी दहा-पंधरा नावं होतात आणि मग येतं, ‘आदींसह महिला मोठ्या संख्येने उपस्थित होत्या.’ मंडपात निम्म्या खुर्च्यांवर बायका बसलेल्या असतात. पेपरात त्यांची संख्या येते, नाव येत नाही.

यावर विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं. बायका राजकारणात आत्ता आत्ता आल्या, हळूहळू दिसतील की पेपरात. हे उत्तर साफ खोटं आहे. पोस्ट मोठी होणार आहे, पण इतिहास बघितल्याशिवाय हे कळणार नाही.

बुलढाण्यापासून सुरू करू. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करून जन्मठेप झाली. त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बाईजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून छापलं. आज त्याला आपण स्त्रीवादी ग्रंथ म्हणतो. मुळात ते पेपरवाल्यांना दिलेलं उत्तर होतं. पुढे ते पुस्तक असं विसरलं गेलं की १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापल्यावरच लोकांना कळलं.

तीनच वर्षांनी रखमाबाईंचा खटला गाजला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. त्या दशकातला हा फार मोठा सार्वजनिक वाद. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ त्यांच्या विरोधात उभे राहिले. रखमाबाईंनी १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर पत्रं लिहिली, तीही ‘एक हिंदू स्त्री’ अशी सही करून. म्हणजे बघा, जिच्या नावावर अख्खा मुलूख भांडत होता, ती स्वतः मात्र पेपरात बिननावाची होती.

बरं, संपादकाच्या खुर्चीत बाई बसली नव्हती असंही नाही. ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचं पत्र, १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी काढलेलं. पुढे वासुदेवराव बिर्जे ते चालवत. १९०८ साली ते वारले तेव्हा पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादन हाती घेतलं आणि १९१२ पर्यंत सांभाळलं. भारतातल्या पहिल्या महिला संपादकांपैकी त्या एक. तरी पत्रकार दिनाच्या आमच्या कार्यक्रमांत दर्पणकारांच्या तसबिरीला हार पडतो (तो पडायलाच हवा), तानुबाईंचं नावही निघत नाही.

आता स्वातंत्र्यानंतरचं. बारामतीजवळच्या निंबुत गावात १९६३ साली सगळी ग्रामपंचायत बायकांची होती, सरपंच कमलाबाई काकडे. आरक्षणाच्या तीस वर्षं आधी! १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये शेतकरी संघटनेच्या आघाडीतून पुन्हा अख्खी पंचायत बायकांची आली. मग कायदे आले. राज्यात १९९० ला ३० टक्के, ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश, २०११ पासून ५० टक्के. म्हणजे गावागावात बायका सत्तेत बसून एक पिढी उलटली. ‘आत्ता आत्ता आल्या’ कुठून म्हणायचं?

मोठ्या नेत्यांचंही तसंच. मृणाल गोरे म्हटलं की ‘पाणीवाली बाई’ आणि १९७२ चा महागाईविरोधी लाटणं मोर्चा, एवढंच आठवतं. नाव प्रेमाने पडलेलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच बाई मुंबई महापालिकेत नगरसेविका होत्या, १९७२ ला आमदार झाल्या, १९७७ ला खासदार झाल्या, पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. हे किती जणांना माहीत आहे? लाटण्याचा फोटो छान येतो. सभागृहात चिकाटीने धसाला लावलेल्या प्रश्नाचा फोटो येत नाही, म्हणून तो विसरला जातो. शेजारच्या गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ ते १९७९ मुख्यमंत्री होत्या. महाराष्ट्रात आजवर एकही बाई त्या खुर्चीत बसलेली नाही. पण ‘पुढचा मुख्यमंत्री कोण’ या आपल्या चर्चांत हा प्रश्न बातमीचा विषयसुद्धा होत नाही.

मग गाडी अडते कुठे? आतलं सांगते.

पहिली गोष्ट, प्रेसनोट. ती पक्षाच्या कार्यालयातून येते आणि नावं मानाप्रमाणे लावलेली असतात. महिला आघाडी शेवटी. पानावर जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. बाईचं नाव काढा असं कुणी म्हणत नाही, कात्री आपोआप तिथेच चालते.

दुसरी गोष्ट, कामाची वाटणी. मी डिप्लोमा करून एका जिल्हा दैनिकात लागले तेव्हा माझ्याकडे शाळा, आरोग्य केंद्र, महिला मंडळं आणि संक्रांतीचं हळदीकुंकू. नगरपालिका आणि पक्ष बरोबरच्या मुलाकडे. कारण काय, तर ‘रात्री उशीर होतो’. खरंच होतो. आपलं राजकारण रात्री नऊनंतर विश्रामगृहावर आणि हायवेच्या धाब्यावर शिजतं. तिथे ना बाई वार्ताहर असते, ना बाई नगरसेविका. सकाळी बातमी येते ती तिथल्या चर्चेची.

तिसरी गोष्ट, भाषा. पुरुषांनाही आपण दादा, भाऊ, आबा, अण्णा म्हणतोच. पण दादा हा कुणाचा नवरा म्हणून दादा नसतो. वहिनी मात्र कुणाची तरी बायको असल्याशिवाय वहिनी होत नाही. सरपंच झाली, सभापती झाली, तरी मथळ्यात ‘वहिनी’. नावामागे ‘सौ.’ लावायला आपण चुकत नाही, नावापुढे पद लावायला विसरतो.

चौथी गोष्ट, फोन. ‘सरपंचबाई बोलतच नाहीत, नवराच बोलतो, आम्ही काय करणार?’ हे प्रत्येक वार्ताहर सांगतो. पण मोबाइलमध्ये नंबर कुणाचा सेव्ह केलाय? नवऱ्याचा. त्याला फोन करायचा, त्याचीच प्रतिक्रिया छापायची आणि वर ‘सरपंचपती’ म्हणून बातमीत त्याची चेष्टा करायची. ते बिनकायद्याचं पद गावाने तयार केलं हे खरं, पण त्याला रोज खतपाणी आपण घालतो. मी फोन बाईंना द्या म्हणते आणि थांबते. सुरुवातीला आवाज बारीक असतो. नळाला पाणी किती दिवसाआड येतं हे विचारलं की नाही राहत बारीक.

यात नुसतं मानपानाचं दुखणं नाही. २०२४ साली सुप्रीम कोर्टाने जळगाव जिल्ह्यातल्याच विचखेडा गावच्या सरपंच मनीषा रवींद्र पानपाटील यांचं रद्द झालेलं पद परत दिलं. बाई सरपंच झाली हे गावातल्या लोकांच्या पचनी पडलेलं नाही, असं कोर्टालाच नोंदवावं लागलं. विटनेरला ३५ वर्षं झाली होती आणि जिल्हा तोच! निवडून आलेल्या बाईला खाली खेचताना पहिला आधार कशाचा मिळतो? तिला कुणी ओळखत नाही याचा. जिचं काम कधी छापून आलं नाही, तिच्यासाठी गाव उभं राहत नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. जगभरच्या बातम्यांची दर पाच वर्षांनी मोजणी होते. १९९५ साली बातम्यांत दिसणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांत बायका १७ टक्के होत्या, २०२० साली २५ टक्के. पंचवीस वर्षांत आठ टक्के. या चालीने निम्म्यावर पोचायला आणखी दोन-तीन पिढ्या जातील.

तेवढं थांबायचं नसेल तर एक करा. उद्याचा पेपर, मग तो कुठलाही असो, घ्या आणि राजकीय पानावरच्या बायकांच्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारा. जाहिराती सोडून. किती झाल्या ते कमेंटमध्ये लिहा, पेपरचं नाव नको, आकडा पुरे. आणि तुमच्या वॉर्डातल्या, गावातल्या बाईने रस्ता करून घेतला, टँकर आणला, ग्रामसभेत प्रश्न लावून धरला, तर तिच्या पूर्ण नावानिशी आणि पदासकट आम्हाला कळवा. तिच्या नवऱ्याचा नंबर पाठवू नका. तिचा पाठवा.