नागवेलीची सावली

पांढुर्णा आणि सौंसर ही नावे उच्चारली की संत्र्यांच्या बागा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. जाम आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मराठी मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारचे नागपूर मुंबई राज्यात गेले. राज्ये निराळी झाली. परंतु लग्नाच्या मांडवातला आणि पूजेच्या ताटातला विडा दोन्हीकडे एकच राहिला. त्या विड्याचे पान मात्र संत्र्याप्रमाणे उघड्या उन्हात पोसणारे नव्हे. त्याला सावली हवी; आणि या प्रदेशात ती सावली माणसालाच निर्माण करावी लागली.

पानवेल मूळची आग्नेय आशियातील दमट अरण्यांची. मोठ्या वृक्षाच्या बुंध्याला बिलगून, पानांतून झिरपणाऱ्या उजेडात ती वर्षानुवर्षे वाढते. भारतात ती फार प्राचीन काळी रुजली. मंदसोरच्या पाचव्या शतकातील शिलालेखात रेशीम विणकरांनी आपल्या वस्त्रांची थोरवी सांगितली आहे. सुवर्णहार, तांबूल आणि फुले यांनी नटलेली स्त्रीसुद्धा रेशमी वस्त्र नेसल्यावाचून प्रियकराच्या भेटीस जात नाही, असा त्याचा आशय. पुढे चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने, ही वेल द्राक्षीसारखी चढवितात आणि केवळ पानांसाठी लावतात, अशी नोंद केली. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथातही तिला स्थान मिळाले.

परंतु अरण्यातील ही वेल नागपूरच्या मैदानात जगावी कशी? येथे वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि वारा भट्टीतून आल्यासारखा वाहतो. या प्रश्नाचे उत्तर बरई अथवा बारी समाजाने आपल्या हातांनी दिले. विदर्भातील मळ्यांत शेवरी, हदगा, शेवगा, पांगारा अशी झाडे लावून त्यांवर वेल चढवितात. तीच तिचा आधार आणि तेच तिचे छत. उत्तरेस सागर-जबलपूरकडे गवताचे छप्पर आणि कुडाच्या भिंती उभारून तेच काम साधतात. त्याला बरेजा म्हणतात. सावली दाट झाली तर वेल खुरटते, विरळ झाली तर पान करपते. पाणी थोडे पण वारंवार द्यावे लागते, कारण साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. वेल फार उंच गेली की तिची उतरण करावयाची, म्हणजे ती खाली घेऊन तिचा काही भाग पुन्हा मातीत पुरावयाचा. त्यातून तिला नवा जोम येतो.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बरयांची एक कथा आहे. पांडवांना तांबूल हवा होता, म्हणून दूत पाताळात गेला. तेथे नागराणीने आपल्या करंगळीचे पेर कापून दिले. ते पेर जमिनीत पुरले आणि त्यातून नागवेल उगवली. तिला फूल नाही, बी नाही. पेरावरूनच ती लावावयाची. ही कथा भाबडी म्हणून सोडून देता येत नाही. पानमळ्यात आजही लावण होते ती वेलीच्या पेरांच्या तुकड्यांचीच. शेतकऱ्याने अनुभवाने जाणलेले सत्य येथे कथेच्या रूपाने जपले गेले आहे. नागपंचमीस बरई नागाची पूजा करीत, त्यामागेही हेच नाते.

त्याच ग्रंथातील एक आकडा विचार करावयास लावतो. १९११ साली या जातीतील ३३ हजार कामकऱ्यांपैकी पान पिकविणारे व विकणारे केवळ १४ हजार होते. उरलेले साध्या शेतीकडे, मजुरीकडे आणि इतर व्यवसायांकडे वळले होते. म्हणजे ही गळती आजची नाही. रामटेकच्या कपुरी पानाचे नाव अद्याप आदराने घेतले जाते, अंजनगाव-सुर्जीचे मळेही प्रसिद्ध आहेत. पण मर रोग, पाण्याची ओढ आणि मजुरी यांनी हे पीक सर्वत्र अवघड केले आहे.

संत्र्याच्या बागेचे शास्त्र पुस्तकांत उतरले आहे. पानमळ्यात कोणत्या महिन्यात कोणती फांदी ठेवावी आणि कोणती छाटावी, हे मात्र अजून बरेचसे पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या जाणत्या हातांतच आहे. ते हात दुसऱ्या कामाला लागण्यापूर्वी ते लिहून घेतले पाहिजे.