सार्डिनच्या होडीतून होयलेकला

१९९९ च्या जुलैमधला रविवार. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये आम्ही तिघेच उरलेलो, आणि रिमोटचे सेल गेलेले. म्हणून, आणि फक्त म्हणूनच, आम्ही गोल्फ बघत बसलो.

स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी नावाचं मैदान. ब्रिटिश ओपनचा शेवटचा दिवस, शेवटचा होल. जाँ वान द वेल्द नावाचा एक फ्रेंच माणूस तीन फटक्यांनी पुढे. जागतिक क्रमवारीत १५२ वा, स्पर्धेत येण्यासाठी आधी पात्रता फेरी खेळून आलेला. होल चार फटक्यांचा. त्याने सहा घेतले असते तरी कप त्याचा. म्हणजे शेवटच्या षटकात तीन रन हव्यात आणि हातात पाच विकेट, असा मामला.

तर या बाबाने काय करावं? पहिला फटका भलतीकडे गेला, पण नशिबाने वाचला. आता सरळ दोन छोटे फटके मारून घरी जायचं सोडून त्याने थेट ग्रीनवर जायचं ठरवलं. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडच्या रेलिंगला लागला, तिथून ओढ्याच्या दगडी भिंतीला, आणि परत फिरून गुडघाभर गवतात. तिथून मारला तो थेट ओढ्यात. मग पायातले बूट-मोजे काढून, पँट दुमडून तो पाण्यात उतरला आणि चेंडूकडे बघत उभा राहिला. शेवटी सात फटके झाले, प्लेऑफ झाला, आणि त्या दिवशी सकाळी दहा फटके मागे असलेला पॉल लॉरी कप घेऊन गेला.

त्या गडबडीत कॉमेंटेटर पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, की याआधी ही स्पर्धा जिंकणारा फ्रेंच माणूस १९०७ सालचा. आमच्यातला एक जण जांभई देत म्हणाला, "असेल कोणीतरी सरदार-जमीनदार. गोल्फ आहे ना."

मला पण तेच वाटलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी, एका शनिवारी बिल्ड फेल होत असताना, मी त्या १९०७ वाल्याचा शोध घेत बसलो. सरदार? अजिबात नाही. आर्नो मासी हा मेंढपाळाचा पोरगा, आणि तरुणपणी सार्डिन पकडणाऱ्या होडीवर काम करणारा.

जन्म १८७७, गाव बिआरित्झ. फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं, स्पेनच्या सीमेजवळचं, बास्क लोकांचं. मूळची मासेमारांची वस्ती. पण तिसऱ्या नेपोलियनच्या राणीने तिथे बंगला बांधून घेतला आणि मग युरोपातल्या बड्या लोकांची तिथे रीघ लागली. इंग्रज तर हिवाळा काढायलाच यायचे. किती यायचे, तर १९०८ मध्ये ॲस्क्विथ पंतप्रधान झाला तेव्हा राजा सातवा एडवर्ड बिआरित्झला सुट्टीवर होता आणि त्याने लंडनला परतायची तसदी घेतली नाही. होणाऱ्या पंतप्रधानालाच तिथे जाऊन राजाचा हात चुंबून यावं लागलं. वर्क फ्रॉम होमचा याहून मोठा दाखला माझ्या तरी माहितीत नाही. :)

इंग्रज जिथे जातो तिथे आपला खेळ घेऊन जातो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. जवळच पो नावाच्या गावात १८५६ मध्येच गोल्फ क्लब निघाला होता, युरोप खंडातला पहिला. (आपल्याकडे कोलकात्यात तो १८२९ मध्येच निघालेला, म्हणजे फ्रान्सच्याही आधी.) बिआरित्झला मैदान झालं १८८८ मध्ये. मासी तेव्हा अकरा वर्षांचा. मैदान आलं की बॅगा उचलायला पोरं लागतात. त्या पोरांत हाही एक. होडीवर काम नसेल तेव्हा साहेबांच्या बॅगा उचलायच्या आणि साहेब मारतो कसा ते बघायचं.

तो मुळात डावखुरा. पण साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्या सगळ्या उजव्या हाताच्या. म्हणून तो उजव्या हाताने शिकला.

मग आयुष्याला वळण देणारी गोष्ट घडली. हा पोरगा काहीतरी वेगळा आहे हे तिथे येणाऱ्या श्रीमंत ब्रिटिश मंडळींच्या लक्षात आलं, आणि विशीत असताना त्याची रवानगी झाली स्कॉटलंडला, नॉर्थ बेरिक नावाच्या गावी. चक्क ऑनसाइट! तिथे बेन सेयर्स हा नावाजलेला प्रोफेशनल होता. स्वतः खेळणारा, शिकवणारा, काठ्या बनवणारा. मासी त्याच्या हाताखाली तयार झाला. बिआरित्झच्या डोंगरकड्यावर काय आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर काय, वारा सारखाच झोडपतो. होडीवर वाढलेल्या माणसाला त्याचं नवल नसावं. पुढे त्याने नॉर्थ बेरिकच्याच मुलीशी लग्न केलं.

इथे जरा थांबून एक शब्द बघायला हवा. प्रोफेशनल. आपण लिंक्डइनवर हा शब्द छाती फुगवून लावतो. १९०० च्या आसपास गोल्फमध्ये त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होता. पैशासाठी न खेळणारा तो ॲमॅच्युअर, म्हणजे जंटलमन, क्लबाचा सभासद. प्रोफेशनल म्हणजे क्लबाचा नोकर. पगार थोडा, बाकी कमाई शिकवण्याची फी, काठ्या बनवणं-दुरुस्त करणं आणि प्रदर्शनी सामने यांतून. क्लबहाउसमध्ये त्याला प्रवेश नसे. त्या काळात ब्रिटनवर राज्य करणारे तीन खेळाडू बघा ना. हॅरी व्हार्डन माळ्याचा मुलगा आणि स्वतःही माळीकाम केलेला, जे. एच. टेलर मुळातला कॅडी, जेम्स ब्रेड सुतार. या लोकांनी १९०१ मध्ये संघटना काढली ती काही हौस म्हणून नाही. आणि हे लवकर संपलंही नाही. १९२० मध्ये वॉल्टर हेगन हा अमेरिकेचा विजेता डील इथे ओपन खेळायला आला, तर त्यालाही क्लबहाउसात कपडे बदलू देईनात. पठ्ठ्याने लिमोझिन भाड्याने घेतली, क्लबच्या दारासमोर लावली आणि तिच्यात कपडे बदलले.

मला हे वाचताना सारखा एक माणूस आठवत होता. काही वर्षांपूर्वी क्लायंट आला म्हणून मॅनेजरने आम्हाला इथल्याच एका गोल्फ क्लबात नेलं होतं. माझ्या वाट्याला पन्नाशीचे एक कॅडीकाका आले. मी हवेत तीन फटके मारल्यावर ते हळूच म्हणाले, "साहेब, मान वर नका करू." चौथा बसला. मी विचारलं, "काका, तुम्ही खेळता का?" तर म्हणाले, "सोमवारी. सोमवारी क्लब बंद असतो ना, तेव्हा आम्हाला खेळू देतात." मग कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी माझी काठी घेतली आणि एकच मारला. आमच्यातल्या कुणालाही तसा फटका जन्मात जमला नसता. काठी पुसून परत बॅगेत ठेवली आणि चालायला लागले.

असो. तर मासी फ्रान्सला परतला आणि व्हर्सायजवळच्या ला बूली क्लबात प्रोफेशनल म्हणून लागला. १९०६ मध्ये तिथेच पहिली फ्रेंच ओपन झाली. ब्रिटनमधले मोठे मोठे खेळाडू आले होते आणि जिंकला मासी. १९०७ मध्येही तोच. यजमानाला मैदान पाठ असतं, असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. म्हणून त्याच जूनमधली होयलेकची ब्रिटिश ओपन महत्त्वाची. लिव्हरपूलजवळचं मैदान, सोसाट्याचा वारा, दोन दिवसांत चार फेऱ्या. तीन फेऱ्यांनंतर टेलर एका फटक्याने पुढे. टेलर म्हणजे तोवर तीनदा ही स्पर्धा जिंकलेला माणूस. शेवटच्या फेरीत टेलरला लागले ८०, मासीला ७७. एकूण ३१२ विरुद्ध ३१४. ब्रिटनबाहेरच्या माणसाने ओपन जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

त्याच सुमाराला त्याला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं मार्गो होयलेक. आपल्याकडे कुणी मुलीचं नाव लॉर्ड्स ठेवलंय का, शोधायला हवं.

गंमत म्हणजे एवढं जिंकून त्याचं आयुष्य फारसं बदललं नाही. तेव्हा सगळ्या बक्षिसांची मिळून रक्कमच सव्वाशे पौंडांच्या आसपास असायची. तो प्रोफेशनलचा प्रोफेशनलच राहिला, शिकवत राहिला. १९११ मध्ये सँडविचला पुन्हा ओपनच्या तोंडाशी आला. व्हार्डनशी बरोबरी झाली, ३६ होलांचा प्लेऑफ लागला आणि ३५ व्या होलवर मासीने हार मान्य केली. त्या काळी हे चालायचं. त्याच वर्षी त्याने फ्रेंच ओपन तिसऱ्यांदा जिंकली आणि गोल्फवर एक पुस्तकही लिहिलं. १९१२ ची पहिलीवहिली स्पॅनिश ओपनही त्याचीच. १९१३ मध्ये ला बूलीला अमेरिकन प्रोफेशनलांचा संघ आला. मासी, झाँ गासिया, लुई तेलिए वगैरे फ्रेंचांनी त्यांना ६-० असं धुतलं. यातला गासियाही बिआरित्झचाच. एका मैदानाभोवती बॅगा उचलणाऱ्या पोरांतून एक अख्खी पिढी तयार झाली होती.

मग महायुद्ध. मासी सैन्यात गेला, व्हेर्दांच्या लढाईत जखमी झाला. एवढ्यावर कुणाचंही करिअर संपलं असतं. पण १९२५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याने चौथ्यांदा फ्रेंच ओपन जिंकली. पहिल्या विजयानंतर १९ वर्षांनी! १९२७ आणि १९२८ मध्ये स्पॅनिश ओपन. तेव्हा तो पन्नास-एक्कावन्नचा होता. आमच्या क्षेत्रात चाळिशीतल्या माणसाकडे लोक लेगसी सिस्टीमसारखे बघतात. १९५० मध्ये तो वारला.

हे लिहीपर्यंत तरी त्याच्यानंतर एकाही फ्रेंच पुरुषाने ब्रिटिश ओपनच काय, गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकही जिंकलेली नाही. बायकांनी जिंकल्यात. १९६७ मध्ये कॅथरीन लाकोस्टने यूएस विमेन्स ओपन मारली (मगरीचा लोगो असलेल्या टी-शर्टवाल्या लाकोस्टची मुलगी, आणि ती ॲमॅच्युअर होती), तर २०२३ मध्ये सेलीन बुतिएने घरच्या एव्हियाँला.

आणि आमचा वान द वेल्द? हरूनही त्याला १,८५,००० पौंड मिळाले. त्याच वर्षी तो रायडर कप खेळणारा पहिला फ्रेंच माणूस ठरला. पुढे गुडघ्याने दगा दिला. २००५ मध्ये फ्रेंच ओपनच्या प्लेऑफमध्ये पुन्हा शेवटच्या होलवर चेंडू पाण्यात गेला आणि ती पण हुकली. मग २००६ मध्ये मदेरा बेटावर एक स्पर्धा जिंकला. १९९३ नंतर तेरा वर्षांनी. पण गोल्फ बघणाऱ्या कुणालाही विचारा, त्याला मदेरा आठवणार नाही, ओढाच आठवेल.

एका जाहिरातीसाठी त्याला परत कार्नूस्टीच्या त्या होलवर नेलं होतं आणि अख्खा होल फक्त पटरने खेळायला लावला होता. पटर म्हणजे ग्रीनवर चेंडू हलकेच ढकलायची काठी. तिसऱ्या प्रयत्नात त्याने तो सहा फटक्यांत पूर्ण केला.