राक्षसाच्या मागचा मनोरा

शिंगं आणि पंख असलेला एक राक्षस नोत्र दाम चर्चच्या कठड्यावर कोपरं टेकून बसलाय. हनुवटी हातांवर, जीभ बाहेर. भोवती कावळे, खाली पॅरिस. शार्ल मेरियोंचं हे 'ल स्ट्रीज' नावाचं चित्र १८५३ सालचं. मेरियों आधी नौदलात अधिकारी होता. त्याला रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून तो रंगांच्या वाटेला न जाता तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापायच्या एचिंगकडे वळला.

फोनवर हे चित्र उघडलंत तर राक्षस सोडा आणि मागे झूम करा. छपरांच्या गर्दीतून वर आलेला तो मनोरा म्हणजे तूर सें-झाक.

गंमत म्हणजे, जुनापुराणा वाटणारा राक्षस तेव्हा नवाकोरा होता. १८४५ मध्ये नोत्र दामची डागडुजी सुरू झाली, त्यात व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने तो मध्ययुगीन वाटेल असा घडवून घेतला. खरा म्हातारा मागचा मनोरा. तो सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, खाटकांच्या वस्तीतल्या चर्चचा. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९७ मध्ये, ते चर्च पाडलं गेलं. मनोरा तेवढा उरला.

पुढे त्याला भलतंच काम मिळालं: बंदुकीचे छर्रे बनवण्याचं. वरून वितळलेलं शिसं चाळणीतून ओतायचं. पडता पडता पृष्ठताणामुळे प्रत्येक थेंब आपोआप गोल होतो, आणि खालच्या पाण्यात पडला की घट्ट. साचा नाही, यंत्र नाही, फक्त उंची लागते. (इंजिनिअर म्हणून मला हे भारी वाटतं. प्रार्थनेसाठी बोलावणाऱ्या घंटांच्या जागी शिशाचा पाऊस, हे मात्र पचायला जड जातं.) १८३६ मध्ये शहराने मनोरा विकत घेतला.

मेरियोंने हे चित्र केलं त्याच वर्षी ओसमान पॅरिसचा प्रशासक झाला. र्यु द रिव्होली हा सरळसोट रस्ता मनोऱ्याला खेटून पुढे गेला. त्यासाठी मनोरा उभा होता तो उंचवटा कापावा लागला. मग मनोऱ्याला टेकू देऊन, खाली नवा चौथरा बांधून तो सांभाळला. आजूबाजूच्या घरांसाठी इतकी खटपट कोणी केली नाही. ती पाडली, आणि १८५६ पर्यंत तिथे बाग तयार झाली. वारसा जपला असं म्हणताना आपण बहुतेक वेळा फक्त मनोराच मोजतो, गल्ल्या मोजत नाही.

बोदलेरने १८५९ मध्ये मेरियोंचं भरभरून कौतुक केलं. मेरियों १८६८ मध्ये शारांतोंच्या मनोरुग्णालयात वारला.

आज नोत्र दामवरून बघितलं तर तूर सें-झाकच्या पायाशी झाडं दिसतात. मेरियोंच्या चित्रात तिथे एकही झाड नाही. नुसती छपरं आहेत, एकमेकांना चिकटलेली, मनोऱ्याच्या पार अंगापर्यंत.