ईमेलला रिप्लाय कसा द्यायचा? टॉप-पोस्टिंग, इनलाइन रिप्लाय आणि टेक कम्युनिटीतले नियम

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे. या कर्नलमधले बदल आजही मुख्यतः ईमेलवरच पाठवले जातात, तपासले जातात आणि त्यावर वादही तिथेच होतात. गिट आणि पोस्टग्रेएसक्यूएल या प्रोजेक्ट्सचंही तसंच आहे. अशा ठिकाणी चॅटच्या सवयीने रिप्लाय दिला, तर चांगल्या प्रश्नालाही उत्तर मिळत नाही. कधी कधी तर मेल पोचतच नाही. असं का होतं ते पाहूया.

टॉप-पोस्टिंग म्हणजे काय?

जीमेलमध्ये रिप्लाय दाबलं की कर्सर सगळ्यात वर येतो आणि जुना मेल तीन टिंबांमागे लपतो. आपण वर उत्तर लिहून पाठवून देतो. यालाच टॉप-पोस्टिंग म्हणतात. दोघांच्या बोलण्यात हे चालून जातं, कारण आधी काय ठरलं ते दोघांनाही माहीत असतं.

मेलिंग लिस्टवर मात्र एकच मेल खूप जणांकडे जातो. कोणी चर्चा मधूनच वाचायला घेतो, तर कोणाला तोच मेल तीन वर्षांनी सर्चमध्ये सापडतो. वर नुसतं 'हो, ते चालेल' दिसलं, तर 'ते' म्हणजे काय हे शोधायला त्याला अख्खा मेल खालून वर वाचावा लागतो.

इनलाइन रिप्लाय कसा द्यायचा?

समोरच्याची ओळ ठेवायची, तिच्या लगेच खाली आपलं उत्तर लिहायचं आणि बाकीचा मजकूर काढून टाकायचा. जुन्या ओळींच्या सुरुवातीला > हे चिन्ह असतं:

> पॅच कोणत्या व्हर्जनवर टेस्ट केला?
६.६ वर.

> एरर हँडलिंग राहिलंय का?
हो, पुढच्या व्हर्जनमध्ये टाकतो.

फक्त हा तुकडा वाचला तरी सगळं समजतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये आलेल्या आरएफसी १८५५ या नेटिकेटच्या दस्तऐवजातही मूळ मजकूर संदर्भापुरताच ठेवा असं सांगितलंय. कर्नलचं अधिकृत डॉक्युमेंटेशनही हीच पद्धत वापरायला सांगतं.

मोबाइलवरून पाठवताना काय अडतं?

फोनवरचं जीमेल ॲप मेल एचटीएमएल स्वरूपात पाठवतं आणि कर्नलच्या लिस्टचा सर्व्हर एचटीएमएल मेल नाकारतो. ज्यांचा पत्ता थेट टाकलाय त्यांना मेल मिळतो, पण लिस्टवर तो दिसत नाही. नवख्या माणसाला वाटतं, आपल्याला कोणी भावच देत नाही!

यावर उपाय सोपा आहे. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडा आणि कंपोझ विंडोतल्या तीन टिंबांमधून 'प्लेन टेक्स्ट मोड' चालू करा. मात्र कोडचा पॅच तिथे पेस्ट करू नका. टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी तुटतात आणि पॅच लागतच नाही. त्यासाठी गिटची 'सेंड-ईमेल' ही कमांड वापरा.

या सवयी लावून घ्या

१. रिप्लाय ऑल: ऑफिसमध्ये हे बटण जपून वापरायचं असतं. कर्नलच्या लिस्टवर उलट आहे. एकट्यालाच उत्तर दिलं तर बाकीच्यांना ते कळतच नाही.

२. नव्या विषयाला नवा मेल: जुन्या मेलला रिप्लाय देऊन फक्त सब्जेक्ट बदलला, तरी मेलच्या हेडरमध्ये जुन्या मेलचा आयडी राहतो. त्यामुळे तुमचा प्रश्न जुन्याच थ्रेडमध्ये जाऊन बसतो.

३. आठवण करायची घाई नको: पॅच पाठवल्यावर किमान एक आठवडा थांबा, असं कर्नलचं डॉक्युमेंटेशन सांगतं.

४. एररचा फोटो नको: एरर मेसेज टेक्स्ट म्हणून टाका. फोटोतली अक्षरं सर्चमध्ये सापडत नाहीत आणि कॉपीही करता येत नाहीत.

५. सिग्नेचर तपासा: लिस्टवरचे मेल सार्वजनिक आर्काइव्हमध्ये राहतात. मोबाइल नंबर आधीच काढून टाका.

६. 'रिस्पेक्टेड सर' नको: इथे थेट नावाने बोलतात. त्यात उद्धटपणा नाही. आदर दाखवायचाच असेल तर मुद्द्याचं लिहा आणि वाचणाऱ्याचा वेळ वाचवा.

लिस्टवर पहिला मेल टाकण्याआधी तो स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून बघा. आधीचं काहीही न वाचता तो मेल समजला, तर बिनधास्त पाठवा.