कमानपाटा, मोटारीचा मागचा : उतरवण्याची सुरक्षित रीत

जुन्या मोटारींच्या मागच्या अ‍ॅक्सलवर बॉडीचा भार तोलून धरणारा पोलादी पाट्यांचा संच म्हणजे कमानपाटा. गॅरेजात त्याला नुसते ‘पाटे’ किंवा ‘कमान’ म्हणतात. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात १९६४ पासून बनलेली फियाट ११०० डी, म्हणजे पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेलेली गाडी, आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर या दोन्हींत मागे डाव्या-उजव्या बाजूंना अशी एकेक कमान असते. पद्मिनीची मुंबईतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या मात्र अजून धावतात आणि वयोमानाने त्यांचे पाटे बसतात, तडकतात किंवा बुश झिजल्याने आवाज करू लागतात. पुढील वर्णन मुख्यतः पद्मिनीला धरून आहे.

रचना : संचातला सर्वांत लांब पाटा मुख्य असतो. त्याची दोन्ही टोके गोल वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा रबरी बुश व पिन यांच्या साहाय्याने बॉडीच्या ब्रॅकेटला पक्का बसवतात, तर मागचा डोळा शॅकल नावाच्या हलत्या दुव्याला जोडतात. भार आला की कमान सपाट होते, म्हणजेच तिची लांबी वाढते, आणि ही वाढ शॅकल सामावून घेते. सगळे पाटे मधोमध सेंटर बोल्टने एकत्र आवळलेले असतात. त्या बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते आणि वरून यू-बोल्ट संपूर्ण संच अ‍ॅक्सलला जखडतात. म्हणून या गाड्यांत कमान केवळ धक्के सोसत नाही, अ‍ॅक्सलला पुढेमागे सरकू न देण्याचे कामही तीच करते. कमान काढली की त्या बाजूचा अ‍ॅक्सल मोकळा होतो. कामातले बरेच धोके या एका गोष्टीतून निघतात.

धोक्याचे स्वरूप : येथे तीन गोष्टी सांभाळायच्या असतात. एक, गाडी जॅकवरून निसटणे. दोन, अ‍ॅक्सल एकाएकी खाली येणे किंवा फिरणे. तीन, ताणलेल्या पाट्यांतली साठलेली ऊर्जा झटक्यात सुटणे. पहिला धोका सर्वांत घातक असून तो टाळणे सर्वांत सोपे आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नये.

गाडी उचलणे : जमीन सपाट व टणक असावी. मागची चाके अधांतरी झाल्यावर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निरुपयोगी ठरतात, कारण या गाड्यांत दोहोंचा जोर अखेर मागच्याच चाकांवर असतो. गाडी मग फक्त पुढच्या चाकांच्या ठोकळ्यांवर थांबते. ते ठोकळे दोन्ही चाकांना, पुढून व मागून, घट्ट लावावेत. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. नंतर जॅक डिफरन्शियलखाली लावून मागचा भाग उचलावा आणि बॉडीखाली, कमानीच्या पुढच्या ब्रॅकेटच्या जरा पुढे, दोन मजबूत घोडी ठेवावीत. पद्मिनीला वेगळी चासी नाही. भार पत्र्याच्या बॉडीवरच येतो. मुंबई, कोकण व गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत नेमकी हीच जागा आतून कुजते. घोडी लावण्यापूर्वी तिथला रंग व डांबर खरवडून पत्रा ठोकून पाहावा. पत्रा दबत असेल तर आधी तो दुरुस्त करावा, पाट्यांचे काम पुढे ढकलावे.

भार काढून घेणे : गाडी घोड्यांवर बसली, तरी अ‍ॅक्सल जॅकने धरूनच ठेवायचा असतो. एकाच बाजूची कमान काढताना त्या बाजूच्या अ‍ॅक्सल-नळीखाली दुसरा जॅक लावणे आवश्यक आहे, नाहीतर अ‍ॅक्सल तिरपा होऊन ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बरही येथे महत्त्वाचा आहे. लोंबकळणाऱ्या अ‍ॅक्सलला पुष्कळदा तोच अडवून धरतो, म्हणून आधाराशिवाय त्याचा खालचा नट काढल्यास अ‍ॅक्सल धपकन खाली येतो.

कमानीवर ना गाडीचा भार, ना अ‍ॅक्सलचा, अशी स्थिती साधणे हे या कामाचे मर्म आहे. ती साधली की नाही हे शॅकल सांगतो. जॅक सावकाश वरखाली करत शॅकलवर लक्ष ठेवावे. ज्या उंचीला त्यावरचा ताण जाऊन तो हलका होतो, ती योग्य उंची. जॅक त्याहून वर नेला तर बॉडी घोड्यांवरून उचलली जाऊ लागते. घोडी आणि पत्रा यांच्यामध्ये फट दिसताच थांबावे.

उतरवणे : यू-बोल्टचे नट, शॅकलचे नट व पुढची पिन यांवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल सोडावे. यू-बोल्टचे नट आळीपाळीने, थोडे थोडे सैल करावेत. जाम झालेला नट गॅसने तापवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. ती सोडावी. आचेने स्प्रिंग पोलादाचे पाणी उतरते, बुश जळतात आणि पेट्रोलची टाकी तिथेच मागे असते. नट निघतच नसेल तर तो करवतीने कापावा; यू-बोल्ट तसेही नवेच घालायचे असतात.

यानंतर शॅकल सोडवून कमानीचे मागचे टोक हळूच खाली घ्यावे आणि शेवटी पुढची पिन काढावी. ती बुशमध्ये गंजून चिकटलेली असल्यास पितळी पंच लावून ठोकावी. डोळ्यांवर गॉगल हवाच. पिन निघताना कमान खालून धरायला दुसरा माणूस असावा. भोके जुळली की नाहीत हे पाहायला डोळ्यात बोट घालू नये, पंच किंवा निमुळती सळई वापरावी. पाटा तसूभर सरकला तरी बोट तुटते. एका वेळी एकच बाजू खोलावी. दुसरी कमान अ‍ॅक्सल जागेवर ठेवते.

संच खोलणे : सुटी होऊन जमिनीवर ठेवलेली कमान निरुपद्रवी दिसते, पण तशी नसते. खालचे आखूड पाटे मुद्दाम अधिक वाकवलेले असतात आणि सेंटर बोल्टने ते एकमेकांवर दाबून बसवलेले असतात. बोल्ट कापताच पाटे उसळून विलग होतात. संच मोठ्या शेगड्यात किंवा बोल्टच्या दोन्ही बाजूंना भक्कम सी-क्लॅम्प लावून आवळावा, मग बोल्ट काढावा आणि क्लॅम्प समसमान सैल करत जावे. त्या वेळी चेहरा संचाच्या वर नसावा. तडे बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी आणि डोळ्याच्या वळणावर सापडतात. तडकलेला पाटा वेल्डिंगने जोडू नये.

गुंडाळी स्प्रिंगच्या गाड्या : मर्सिडीज-बेंझ डब्ल्यू १२३ (१९७५–८६) सारख्या गाडीत मागे गुंडाळी स्प्रिंग असते. ती दबलेल्या अवस्थेतच बसवलेली असल्याने योग्य स्प्रिंग-कॉम्प्रेसरशिवाय तिला हात लावू नये.

पुन्हा बसवणे : सेंटर बोल्टचे डोके बैठकीच्या भोकात नीट बसले आहे याची खात्री करूनच यू-बोल्ट आवळावेत. शॅकल व पिनचे नट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळावेत. लोंबत्या स्थितीत आवळलेले रबरी बुश पिळले जाऊन लवकर फाटतात. कमानी जोडीनेच बदलाव्यात. नवे पाटे बसतात तसे यू-बोल्ट सैल पडतात, त्यामुळे काहीशे किलोमीटर चालल्यावर त्यांचे नट पुन्हा आवळावे लागतात.