साठी, बुद्धी आणि मेंदूचे चित्र

बेळगावच्या खडेबाजारात हयात घालविलेला एखादा व्यापारी उतारवयात आपल्याच दुकानाची वाट विसरू लागला, की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरची मंडळी गप्प बसतात. म्हणीने मनाचे समाधान होते. रोगाचे निदान होत नाही.

स्मृतिभ्रंश हा एक रोग नसून अनेक रोगांचे समान लक्षण आहे, हे उमगावयास वैद्यकास पुष्कळ काळ लागला. १८९२ मध्ये प्राग येथील आर्नोल्ड पिक यांनी मेंदूचा ठराविक भागच झिजलेला रुग्ण वर्णिला. १९०६ मध्ये जर्मनीतील अलोइस आल्झायमर यांनी एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली आढळलेले चट्टे व तंतूंचे गुंते ट्यूबिंगेनच्या सभेत सांगितले. निदान झाले खरे, परंतु मृत्यूनंतर!

जिवंत माणसाच्या मेंदूचे छेद दाखविणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे सीटी यंत्र १९७१ मध्ये लंडन येथे प्रथम रुग्णावर वापरले गेले. कवटीखाली साकळलेले रक्त किंवा मेंदूत साठलेले पाणी आता दिसू लागले; अशा कित्येक रुग्णांस वेळीच केलेल्या शस्त्रक्रियेने गुण येतो. पुढे एमआरआयने स्मृतीच्या केंद्राची झीज व बारीक रक्तवाहिन्या तुंबल्याच्या खुणा अधिक स्पष्ट केल्या. पहिली खूण आल्झायमरकडे बोट दाखविते, दुसरी रक्तपुरवठ्याच्या दोषाकडे.

पेट यंत्र याही पुढे जाते. किरणोत्सारी साखर टोचून मेंदूचा कोणता भाग मंदावला, हे ते दाखविते : आल्झायमरमध्ये बहुधा कानशिलामागचा व माथ्याकडचा, पिक यांच्या गटातील रोगांत कपाळामागचा, ‘ल्युई बॉडी’ प्रकारात पाठीमागचा दृष्टीचा भागही. भारतात ही सोय प्रथम २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली. मात्र या साखरेतील फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मे होते. मुंबईहून नऊ तासांच्या मोटारप्रवासाने बेळगावी आणल्यास तिचा जेमतेम तिसावा अंश उरेल. म्हणूनच असे केंद्र रुग्णाच्या आवाक्यात असणे अगत्याचे ठरते.

हा भेद केवळ नावांचा नव्हे. ल्युई बॉडीच्या रुग्णास भ्रमावरची नेहमीची काही औषधे प्राणघातक ठरू शकतात. रक्तवाहिन्यांच्या रोगात रक्तदाब आवरल्यास पुढील हानी रोखता येते. तरीही चित्र एकटे निकाल देत नाही. विसर केव्हा सुरू झाला, हळूहळू की एकाएकी, हे घरच्यांनीच सांगावयाचे असते. आणि त्यासाठी प्रथम ती म्हण बाजूस सारून वैद्याकडे जावयाचे असते.