आधी पोट, मग पाय

१९०४ साली अप्टन सिंक्लेअर नावाचा तरुण लेखक सात आठवडे शिकागोच्या मांस कारखान्यांमध्ये फिरत होता. शेजारीच युनियन स्टॉकयार्ड्स, म्हणजे १८६५ साली सुरू झालेला गुरांचा प्रचंड बाजार. कामगार लिथुआनिया, पोलंड, आयर्लंड अशा देशांतून आलेले. तिथे जे दिसलं, त्यावर त्याने ‘द जंगल’ ही कादंबरी लिहिली. १९०६ मध्ये ती पुस्तकरूपात आली.

कादंबरीचा नायक युर्गिस कत्तलखान्यात काम करतो. फरशीवर रक्त, आणि कामाचा वेग असा की जपून पाऊल टाकायला सवडच नाही. एक दिवस बिथरलेला बैल सुटतो. युर्गिस उडी मारून बाजूला होतो आणि त्याचा घोटा मुरगळतो. बस, एवढंच. पण कंपनी जबाबदारी घेत नाही. तो घरी पडून, पगार बंद. बरा होऊन परततो, तर त्याच्या जागी दुसरा माणूस!

ही नुसती कल्पना नव्हती. तेव्हा अमेरिकेतल्या कोर्टात मालकाकडे तीन उत्तरं तयार असायची. धोका माहीत असूनही तू नोकरी धरलीस. तू स्वतःच बेसावध होतास. किंवा, फरशी पुसली नाही ती तुझ्या सोबतच्या मजुराने, मग मालकाचा काय दोष?

वाचक हादरले, पण आपल्या ताटातल्या मांसामुळे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी चौकशी लावली आणि ३० जून १९०६ रोजी मांस तपासणी आणि शुद्ध अन्न असे दोन कायदे झाले. कामगारांसाठी लिहिलेलं पुस्तक लोकांच्या हृदयाऐवजी पोटाला लागलं, याची खंत सिंक्लेअरने पुढे बोलून दाखवली.

कामगाराच्या पायाला मात्र थांबावं लागलं. जखमी कामगारांना भरपाई देणारा कायदा इलिनॉय राज्यात १९११ साली आला. कामाच्या जागेच्या सुरक्षेचा देशव्यापी कायदा १९७० सालचा. जिथे ओलं काम चालतं तिथे पाण्याचा निचरा हवा, उभं राहायला कोरडी जागा किंवा मॅट हवी, हे त्याखालच्या नियमांत आलं.

गंमत म्हणजे अन्न स्वच्छ राहावं म्हणून कारखाना सतत धुवावा लागतो, आणि तेच पाणी, चरबीत मिसळून, कुणाच्या तरी पायाखाली येतं. पाकिटावरची एक्स्पायरी डेट आपण बघतो. ते भरणाऱ्याच्या पायाखालची फरशी कोरडी होती का, हे त्यावर कुठेच छापलेलं नसतं.